चार नंबर खाटेचा जंतू

२ डिसेंबर, मंगळवार

अक्षर वाकडं येईल — येऊ दे.

आज हॉस्पिटल फोडलं. आधी आयसीयूचं दार, मग काचा, मग यंत्रं, मग माणसं. मी शेजारीच, लॅबमध्ये होते. पहिल्यांदा वाटलं ट्रॉली पडली. मग नर्सची किंकाळी. ज्ञानेश्वरीने, माझ्या टेक्निशियनने, धावत जाऊन कडी लावली आणि आम्ही दोघी इनक्युबेटरच्या, जंतू वाढवायच्या कपाटाच्या, मागे दडलो. दाराची काच फुटली, लोखंडी गज आत आला, इकडेतिकडे फिरला, परत गेला. ज्ञानेश्वरीने माझ्या दंडात नखं रुतवली होती. आता बघते तर रक्त आहे.

सकाळी सत्यशीला गेली. ऊसतोडीची बाई, पाथर्डीकडची. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला होता. सुनीलसरांनी ऑपरेशन केलं, पाय वाचला. उत्तम जोडला होता! मग आयसीयूत, चार नंबर खाटेवर, ताप. जखमेत पू, मग रक्तात विष, मग किडन्या बंद. तिशीसुद्धा नव्हती गाठली.

नवरा अंगद. इतके दिवस व्हरांड्यात उकिडवा बसलेला असायचा. मी गेले-आले की उठून उभा राहायचा, हात जोडायचा. आज त्याच माणसाने सलाईनचा स्टँड उचलला आणि सुनीलसरांच्या मांडीवर घातला. परत घातला. स्टँडचं तुटलेलं टोक आत शिरलं. हाड मोडल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला. आणि त्याचं ओरडणं —

"पायाला लागलं हुतं तिच्या! पायाला लागून मानूस मरतंय व्हय? तुमीच मारली! तुमीच!"

पोलीस आले, त्याला फरफटत नेलं. फरशीवर दोघांचंही रक्त.

सगळ्यात वाईट हे, की तो खोटं बोलत नव्हता.

३ डिसेंबर

सुनीलसरांच्या पायात रॉड घातला. आमच्याच थिएटरात. आणि ठेवलं कुठे? आमच्याच आयसीयूत! मी म्हटलं, पुण्याला न्या. काकासाहेब म्हणाले, "आपलाच डॉक्टर आपण बाहेर पाठवला तर लोक काय म्हणतील?" काकासाहेब ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे शेवटचा शब्द कुणाचा नसतो.

निदान चार नंबर खाट नको म्हटलं. तेवढं ऐकलं.

४ डिसेंबर, गुरुवार

कुणाला तरी सांगायला हवं म्हणून इथं लिहिते.

सत्यशीलाच्या जखमेत सापडला तो क्लेबसिएल्ला. तसा ओळखीचा जंतू. माणसाच्या आतड्यात राहतो, सांडपाण्यात राहतो. पण हा वेगळा आहे. आम्ही प्लेटवर जंतू पसरतो, वर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू मरतात, मोकळं रिंगण दिसतं. याच्या प्लेटवर एकही रिंगण नाही. चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू माजलेला. आमच्याकडचं कुठलंच औषध त्याला लागत नाही.

आणि सत्यशीला पहिली नाही. दिवाळीनंतर एक म्हातारे गृहस्थ, मग एक अपघाताचा मुलगा. तिघंही याच आयसीयूत. तोच जंतू. त्या मुलाच्या वेळीच मी काकासाहेबांना सांगितलं होतं, हा बाहेरून येत नाही, आपल्याकडेच कुठेतरी बसलाय, आयसीयू बंद करून शोधू. "बघू," म्हणाले.

नेहमीप्रमाणे त्या मुलाचा जंतू मी पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवला होता. आमची लॅब देशभरच्या जाळ्यात आहे. कुठल्या औषधाला कुठला जंतू दाद देत नाही ही माहिती दरमहा आम्ही पाठवायची, तिथून ती जगाच्या एकत्र साठ्यात जाते. पुण्याच्या सरांनी या जंतूच्या जनुकांचा नकाशा काढून जगभरच्या लॅबना बघता येईल असा ठेवलाय. कळवलं होतं त्यांनी.

म्हणजे जगाला कळलं. अंगदला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

काकासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवतात म्हणजे काहीतरी आहे.

"सुमैरा, या महिन्याची माहिती पाठवू नकोस. कोर्टकचेरी होणार. उद्या तेच कागद आपल्या गळ्यात येतील."

मी म्हटलं, सर, माहिती न पाठवल्याने जंतू मरत नाही.

चिडले नाहीत. बाहेर बघत बोलले. "माझी आई बैलगाडीतून एसटीत, एसटीतून जीपमध्ये — पुण्याला नेता नेता शिरूरजवळ गेली. नगरला धड दवाखाना नव्हता. म्हणून हे उभं केलं. तू एका जंतूपायी टाळं लावायला निघालीस?"

खरं बोलत होते तेही.

घरी अझहरला, नवऱ्याला, सांगितलं. केडगावच्या चौकात त्याचं चष्म्याचं दुकान. तो बोलतो तेव्हासुद्धा समोरच्याच्या नाकावरचा चष्मा सरळ करत असतो, माझाही केला. म्हणाला, "तू सगळ्या दुनियेला कळवतेस. मला फक्त आज भाजी काय आणू ते कळव."

हसले. किती दिवसांनी!

७ डिसेंबर

सुनीलसरांना ताप.

८ डिसेंबर, सोमवार

मांडी उघडली. ड्रेसिंग सोडताच वासाने नर्स मागे सरली. आत मांस करडं, चिकट. सर्जन कापत गेले — रक्त येईपर्यंत कापायचं असतं, कारण रक्त येतं तिथं जिवंत. कितीतरी वेळ रक्तच येईना. ट्रेमध्ये तुकडे साठत गेले. अर्धवट गुंगीत सुनीलसर ओरडत होते, आणि आमचा वॉर्डबॉय, सहा फुटी गडी, भिंतीकडे तोंड करून रडत होता.

तुकडा मी स्वतः लॅबमध्ये आणला. काय निघणार ते माहीत होतं.

९ डिसेंबर

तोच.

सुनीलसरांनी मला बोलावलं. ओठ फुटलेले. "सुमैरा, रिंगण?"

"नाही सर."

डोळे मिटले. "अंगदची केस मागे घ्यायची. लिहून घे माझ्याकडून, बोलता येतंय तोवर."

बाहेर येऊन जिन्यात बसले. रडू आलं नाही. राग आला. इतका राग, की हातातलं पेन मोडलं.

१० डिसेंबर, बुधवार

मेल आलाय. लाहोरहून!

डॉ. नौशाबा म्हणून आहेत, तिकडच्या एका सरकारी हॉस्पिटलात, माझंच काम करतात. पुण्याने ठेवलेला नकाशा त्यांनी पाहिला, त्यांच्याकडच्या जंतूशी ताडून बघितला, जवळजवळ सख्खा भाऊ निघाला. पुण्याच्या सरांकडून माझा पत्ता घेतला.

मेल छोटा. त्यांच्याकडे उन्हाळ्यात माणसं गेली. मग त्यांनी तीन जुनी औषधं एकत्र वापरून पाहिली. एकेकटं यातलं कुठलंच चालत नाही, तिन्ही मिळून चालतात. प्रमाण, वेळा, किडनीचा धोका, सगळं लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ: तुमच्या आयसीयूतल्या बेसिनची मोरी बघा. आमचा तिथं होता.

तिन्ही औषधं आमच्याच मेडिकलमध्ये पडून आहेत.

तिन्ही एकत्र ठेवून प्लेट लावली. ज्ञानेश्वरीने प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवताना देवाला नमस्कार केला. मीही मनात बिस्मिल्ला म्हटलं.

११ डिसेंबर

रिंगण आलं! मोठं, स्वच्छ, गोल!

आयसीयूत पळत गेले. इतक्या वर्षांत पळाले नव्हते. दुपारी पहिला डोस गेला.

१३ डिसेंबर, शनिवार

ताप उतरतोय. सुनीलसरांनी पेज मागितली.

आणि मोरी — चार नंबर खाटेच्या उशाशी जे बेसिन आहे, त्याची जाळी उचलली, आतून कापसाच्या काडीने गाळ घेतला. आज प्लेट भरून आलाय. तोच. नळ सोडला की मोरीतले शिंतोडे थेट खाटेवर. हात धुवायला गेलेला प्रत्येक माणूस तिथून जंतू घेऊन येत होता. आम्ही हात धुऊनधुऊन माणसं मारली!

काकासाहेबांना प्लेट दाखवली. "बेसिन बदलू," म्हणाले. "गाजावाजा नको."

"सर, आयसीयू रिकामं करायला हवं. आणि जे पेशंट हलवाल त्यांच्या कागदावर ठळक लिहायला हवं की त्यांच्या अंगावर हा जंतू असू शकतो. जिथं जातील तिथल्यांनी त्यांना वेगळं ठेवलं पाहिजे."

"म्हणजे आपणच आपल्या कपाळावर लिहायचं?"

१५ डिसेंबर, सोमवार

लंकाबाई आल्या. सत्यशीलाची सासू. अंगद अजून आतच आहे. केस मागे घ्यायचा कागद झाला तरी सुटायला वेळ लागतो म्हणे. लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. चपला बाहेर काढलेल्या.

"बाई, तुमीच तपासता ना समदं? मला येवढंच सांगा. माझी सून कशानं गेली?"

ज्ञानेश्वरी माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांनी 'नको' म्हणत होती.

मी सांगितलं. जंतू, जखम, मोरी. सगळं. त्यांना समजेल असं.

"म्हंजी ती घरनं जंतू घिऊन आली न्हवती."

"नाही."

"हितं लागला."

"हो."

"आन तुमाला ठाव हुतं."

"शंका होती. वर सांगितलं होतं."

"वर!" आणि माझ्या तोंडात मारली. ऊस तोडणारा हात. डोक्यात घंटा वाजली, चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. ज्ञानेश्वरी मध्ये पडायला गेली, मी तिला हाताने थांबवलं. लंकाबाई स्वतःच्या तळव्याकडे बघत उभ्या. मग खाली बसल्या आणि जमिनीवर कपाळ आपटायला लागल्या. एकदा, दोनदा. मी त्यांचं डोकं धरलं, माझी बोटं फरशी आणि कपाळ यांच्यामध्ये चेंगरली.

जाताना म्हणाल्या, "त्या खाटंवर आज कोन हाय?"

"एक आजोबा."

"मंग त्यांला तरी उचला की!"

अझहरने चष्म्याची काडी सरळ करून दिली. गालावरची बोटं बघून बर्फ आणला.

१६ डिसेंबर

कसं कळलं कोण जाणे, काकासाहेबांना कळलंय मी लंकाबाईंना सांगितलं ते. आज चहा नव्हता.

"लॅबची किल्ली ठेवून जा. रजेवर आहेस तू."

सुनीलसरांनी खाटेवरूनच त्यांना निरोप धाडलाय, आयसीयू बंद केलं नाहीत तर मी पेपरवाल्यांना बोलावतो. बरे होतायत! आवाज चढलाय!

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून फोन. बेलापूरहून भाऊ, मग कॉलेजची मैत्रीण, मग अनोळखी नंबर, नुसत्या शिव्या.

नौशाबाबाईंच्या मेलचा फोटो गावभर फिरतोय. तिकडचं हॉस्पिटल, तिकडचं शहर, माझं नाव लाल गोलात. वर लिहिलंय: 'नगरचे जंतू पाकिस्तानला! सरकारी जाळ्यातली हेर बाई ओळखा!' आणि खाली आमचा केडगावचा पत्ता. दुकानाचं नावसुद्धा!

तो मेल फक्त लॅबच्या संगणकावर होता. लॅबची किल्ली माझ्याकडून घेतली गेली परवा. यापुढे काय लिहू? पुरावा नाही माझ्याकडे.

दुपारी पोलीस स्टेशन. इन्स्पेक्टर तरुण, सभ्य. समोर कागद.

"मॅडम, हे 'सर्व्हेलन्स' लिहिलंय. म्हणजे पाळत ना? कुणावर पाळत ठेवता?"

"जंतूंवर."

"आणि ती माहिती लाहोरला?"

"सगळ्या जगाला. जपान, ब्राझील, सगळे बघतात. तिकडून आलेल्या उत्तराने आमचे डॉक्टर वाचले."

"ते बरोबर असेल. पण लोकांना कसं समजवायचं ते सांगा." खरंच विचारत होता बिचारा. मग म्हणाला, "दोन दिवस नातेवाइकांकडे राहा."

अम्मींना, माझ्या सासूबाईंना, बेलापूरला माझ्या भावाकडे पाठवलं. अझहर म्हणाला, दुकान बंद ठेवलं तर चूक केल्यासारखं दिसेल.

२० डिसेंबर, शनिवार

दुकान जाळलं.

लिहिता येत नाही.

२१ डिसेंबर

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

काल दुपारची वेळ. अझहर एका मावशींचा नंबर तपासत होता. मी घरी. चौकात पन्नासेक माणसं जमली म्हणे, बहुतेक बाहेरची. काहींच्या हातात विटा. त्याने मावशींना मागच्या दाराने बाहेर काढलं आणि स्वतः शटर ओढायला पुढे आला. पहिली वीट कपाळावर. पडला. मग कुणीतरी मागच्या दाराला बाहेरून कडी घातली, शटर खाली ओढलं, आणि खालच्या फटीतून पेट्रोल आत ओतलं. तो आत असताना. ठाऊक असताना!

मी पोचले तेव्हा शटर काळं होत होतं. आतून हात आपटत होते. पत्र्यावर. तो आवाज! माणसं मोबाईल वर धरून उभी. मी शटरला हात लावला, तळव्यांची कातडी पत्र्यालाच चिकटून राहिली. कुणीतरी माझे केस धरून मागे ओढलं, "हीच ती!" पोटात लाथ बसली. मी तिथेच पडले.

शेजारच्या गॅरेजवाल्या कानिफनाथभाऊंनी पहार आणली. म्हणत होते, "सरका! सरका न्हाईतर डोकं फोडीन एकेकाचं!" पहार घालून शटर उचकटलं, आत शिरले, अझहरला बगलेत धरून बाहेर आणलं. त्यांच्या मिशा जळाल्या, दोन्ही हात भाजले. शर्ट अझहरच्या पाठीतच वितळला होता.

चष्म्याच्या फ्रेमा वितळून नाल्यापर्यंत गेलेल्या. काचा मात्र तशाच. पायाखाली कडकड मोडत होत्या.

आमच्या हॉस्पिटलात नेऊ दिलं नाही मी. ओरडले, "तिथं नाही! तिथं नाही!" शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. पाठ, दोन्ही हात, मान. डॉक्टर म्हणाले, भाजलंय बरंच, पण वय कमी आहे, तब्येत चांगली आहे. निघेल.

निघेल म्हणाले!

२३ डिसेंबर, मंगळवार

शुद्धीवर आला. तोंडाजवळ कान नेला. म्हणाला, "त्या मावशींचा नंबर राहिला तपासायचा."

सात-आठ जणांना अटक. अंगद सुटला, लंकाबाईंनी कुणाच्या तरी फोनवरून कळवलं. आणि म्हणाल्या, "तुमच्या मालकांचं ऐकलं. आमी देवाला हात जोडतोय." हॉस्पिटलातून कुणाचा फोन नाही. सुनीलसरांचा आला. कुबड्या घेऊन उभे राहिलेत. आमचं आयसीयू बंद झालं! दारावर पाटी लावलीय, 'दुरुस्तीसाठी बंद'. पेशंट हलवले.

जिंकल्यासारखं वाटलं क्षणभर. वाटायला नको होतं.

२४ डिसेंबर

ड्रेसिंग. त्याच्या पाठीवरून जाळी सोडवताना तो उशी चावतो. उशीचा कापूस बाहेर आला आज.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नौशाबाबाईंना सगळं लिहिलं, माझ्या फोनवरून. उत्तर आलं. त्यांच्याकडेही चौकशी लागलीय, भारताला काय काय दिलं म्हणून. तरी शेवटी विचारलंय, तुमचे डॉक्टर चालू लागले का?

चालू लागले, लिहिलं.

आज अझहरने माझ्या पट्टी बांधलेल्या हातून चार घास खाल्ले. म्हणाला, "मीठ कमी आहे." जीव भांड्यात पडला.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी अंग तापलं. मी घाबरले नाही. भाजलेल्याला ताप येतोच.

दुपारी पाण्याची बाटली भरायला उठले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे, पोटावर मोठी पट्टी. त्यांची बायको रंगुबाई रोज माझ्याशी बोलते, भाकरी देऊ करते. आज सहज विचारलं, मावशी, कधीपासून आहात?

"हितं आठवडा झाला. त्याच्या आदी तुमच्या दवाखान्यात हुतो की. पुना रोडच्या. तिथलं आयशू बंद पाडलं ना, मंग आमाला हिकडं आनून टाकलं."

बाटली हातातून पडली.

"कुठली खाट होती, मावशी?"

"चार नंबर."

त्यांची फाईल उघडली. आमच्या हॉस्पिटलचा कागद. निदान, ऑपरेशन, औषधं. जंतूबद्दल एक अक्षर नाही. एकच नर्स त्यांचं ड्रेसिंग करून अझहरचं करत होती. हात धुऊन, बिचारी. इथल्यांना कुणी सांगितलंच नाही!

त्याच्या पाठीवरचा पू मी स्वतः घेतला. नळी घेऊन रिक्षाने आमच्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले. वॉचमनने आत सोडलं नाही. ज्ञानेश्वरी धावत बाहेर आली, ओढणीत नळी लपवून आत गेली.

इथल्या डॉक्टरांचे पाय धरले. अक्षरशः धरले. ती तीन औषधं आजच सुरू करा! ते म्हणाले, "मॅडम, त्याने किडनी जाऊ शकते. नुसत्या शंकेवर कशी देऊ? रिपोर्ट येऊ द्या." त्यांच्या जागी मी असते तर? मीही हेच म्हटलं असतं. हा कागदच मोठा झालाय आमच्यात! सुनीलसरांना फोन लावला, ते बोलले त्यांच्याशी, भांडले. "उद्या बघू."

३० डिसेंबर, मंगळवार

ओळखत नाही मला. दातावर दात. हात खाटेच्या दांड्याला बांधलेत, कारण तो पाठीवरची पट्टी ओरबाडतो. मधेच ओरडतो, "शटर! शटर उघडा!"

लघवी बंद. डॉक्टर धावतायत आता. आता औषधं आणायला माणूस पाठवलाय.

पहिली सलाईन लागली. तिच्या थेंबांकडे बघत बसलेय.

३१ डिसेंबर

पहाटेच्या नमाजाच्या सुमारास गेला.

१ जानेवारी, गुरुवार

माती दिली. कानिफनाथभाऊ दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आले होते. खांदा देता येईना म्हणून शेवटपर्यंत पुढे चालत राहिले. सुनीलसर कुबड्यांवर. कब्रस्तानाच्या दाराबाहेर अंगद उभा होता म्हणे, आत यायचं की नाही ते न कळून. अम्मींनी मला बांगड्या उतरवायला सांगितल्या. उतरवल्या. काचेच्या होत्या, मनगट कापलं.

२ जानेवारी, शुक्रवार

ज्ञानेश्वरी घरी आली. मोबाईलवर प्लेटचा फोटो. तोच जंतू. तिन्ही औषधांभोवती मोठं, स्वच्छ रिंगण.

डिसेंबरची माहिती मी आज पाठवली. पासवर्ड बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटची ओळ अशी: पुरुष, वय अडतीस, जिल्हा अहिल्यानगर, भाजल्याची जखम, उपलब्ध औषध — परिणामकारक, रुग्ण — मृत. नावासाठी रकाना नसतो.